गुळाचं घर

कांद्याचे लिलाव बंद पडून नववा दिवस उजाडला आणि बहिरूची पाठ धरली. काम करून धरते ती पाठ वेगळी आणि नुसतं बसून धरते ती वेगळी. पहिलीला तेल चोळलं की भागतं. दुसरीला काय लावायचं ते तीस वर्षं हमाली करूनही त्याला कळलं नव्हतं. व्यापाऱ्यांचं आणि सरकारचं वरच्या वर काहीतरी बिनसलं होतं. ते मिटेल तेव्हा मिटेल. तोवर येवल्याच्या बाजारात ना ट्रॅक्टर येत होता, ना गोणी भरत होती. बहिरू मुकादमाची सहा जणांची टोळी रोज सकाळी सवयीने कांदा साठवायच्या खळ्यापाशी यायची, बंद दाराकडे बघत तंबाखू मळायची आणि आपापल्या घरी जायची.

लंकाबाईला नवऱ्याचं हे बसणं सोसत नव्हतं. ती दिवसभर लोकांच्या शेतात खुरपायची. सांजेला घरी यावं तर हा ओट्यावर बसून गोणी उचलायच्या हुकाला कानस मारत असायचा. त्या हुकाने आता गावाची दाढी करून या म्हणजे चार माणसं तरी भेटतील, असं ती म्हणाली तेव्हा बहिरूला हसू आलं नाही. पन्नाशीचा माणूस, अंगाने अजून दणकट, पण काम नसलं की त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्यालाच समजायचं नाही.

त्याच संध्याकाळी मनोजचा फोन आला. हा मनोज नाशिकच्या एका वसुली एजन्सीत कामाला होता. शर्ट इनमध्ये, बोलणं गोड. सहा माणसं हवीत, घरसामान बाहेर काढायचं आहे, दिवसभराचं काम, सकाळी नऊला बाजाराच्या गेटवर टेम्पो येईल, असं त्याने सांगितलं. बहिरूने विचारलं, घर कुणाचं. मनोज म्हणाला, सामान सगळीकडे सारखंच असतं मुकादम, घर कुणाचं का असेना. बहिरूच्या मनात जरा पाल चुकचुकली. पण नऊ दिवस झाले होते, आणि टोळीतल्या नाथाची बायको दिवसांत होती. तो बरं म्हणाला.

टेम्पो निघाला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. मागच्या हौद्यात सहा जण टॉवेल डोक्याला गुंडाळून बसले. येवलं मागे पडलं, मोठा रस्ता सुटला, आणि टेम्पो धामणवाडीच्या कडेच्या विणकर वसाहतीकडे वळला तसा टोळीतला सगळ्यात म्हातारा सावळीराम उठून उभा राहिला.

"बहिरू, हे तर योगेशच्या घराकडं चाललं."

बहिरूने मान वर केली नाही. वळणावरच त्याच्या ध्यानात आलं होतं.

सहा वर्षांपूर्वी योगेश विणकराने हे दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा त्याचा माग जुन्या भाड्याच्या खोलीतून इथे आणला तो याच टोळीने. मागावर तेव्हा अर्धी पैठणी होती. अशा वेळी विणकर माग हलवत नाहीत, साडी उतरेपर्यंत थांबतात. पण खोलीमालकाने थांबू दिलं नाही. मग योगेशने अर्धं विणलेलं कापड पुढच्या लाकडी रुळावर आणि न विणलेला रेशमाचा ताणा मागच्या रुळावर गुंडाळून घेतला. मध्ये दोन हात दोरे उरले. ते दोन रूळ चौघांनी खांद्यावर घेतले आणि सगळी वाट पावलं जुळवत कापली. पुढच्याचं पाऊल लांब पडलं तर दोऱ्यावर ताण, मागचा घाईत आला तर दोरे ढिले पडून गुंता. सावळीराम बाजूने चालत "हां, हां" करत पाऊल देत होता. रस्त्यात म्हशी आल्या, लग्नाची वरात आली, तरी एक दोरा तुटला नाही. योगेशच्या बायकोने, मंजुषाने, उंबऱ्यात उभं राहून सहाही जणांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

टोळीची ही रीत बहिरूच्या सासऱ्यापासूनची. नव्या घरात पहिला माल आत घेतला की घरची बाई गूळ देते. तो खाल्ला की ते गुळाचं घर. त्या दिवसाची हमाली त्या घराकडून घ्यायची नाही, आणि घरधन्याने सांगितल्याशिवाय त्या घरातली काडीसुद्धा बाहेर काढायची नाही. एवढीच रीत होती. ती मोडायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती, म्हणून ती फार जपली आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

घरापुढे जीप उभी होती. तहसील कचेरीतले एक अधिकारी, दोन पंच, दोन पोलीस आणि दोन महिला पोलीस लिंबाच्या सावलीला उभे होते. वसाहतीतली माणसं आपापल्या ओट्यांवरून बघत होती. योगेशचा बाप दोन वर्षं आजारात झिजून गेला, त्यात घराचे हप्ते थकले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारावर नोटीस लागली तेव्हाही सगळ्यांनी वाचली होती. आज कर्ज देणारी कंपनी घराचा ताबा घेणार होती. योगेश पहाटेच नाशिकला वकिलाकडे गेला होता. तहकुबीचा कागद दुपारपर्यंत आणतो म्हणाला होता.

मंजुषा दारात उभी होती. आत माग दिसत होता. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून योगेशची आई भागुबाई बसली होती आणि काही झालंच नाही अशी धोट्याच्या काड्यांवर रेशीम भरत होती. मागावर जांभळ्या रंगाची पैठणी होती. चार महिने झाले लावून, पदरावरचे मोर पुरे झाले होते, अंग अजून महिन्याभराचं बाकी होतं. रेशीम आणि जर येवल्याच्या व्यापाऱ्याची होती. साडी एका लग्नासाठी हवी होती. ती साडी वेळेत उतरली तर घर गेलं तरी विणकर म्हणून हे घराणं उभं राहणार होतं, कारण माग असला की भाड्याच्या खोलीतही विणता येतं. हे बहिरूला कुणी सांगायला नको होतं.

"चला मुकादम," मनोज म्हणाला. "आधी भांडी, मग कपाट, मग ते लाकडाचं."

बहिरू टेम्पोतून उतरला. चुंबळीचा टॉवेल त्याने झटकला आणि परत खांद्यावर टाकला.

"सायेब, हे घर आमच्याच्यानं व्हायचं नाय."

"म्हणजे?"

"आमी इथं गूळ खाल्लाय."

मनोजला आधी कळलंच नाही. सावळीरामने त्याला रीत समजावून सांगितली, सावकाश, लहान पोराला सांगावी तशी. मनोजने ऐकून घेतलं. मग त्याने जादा मजुरी कबूल केली. मग, पुढे कधी काम मिळणार नाही, असा दम दिला. मग दोन्ही एकदम दिलं. बहिरू लिंबाच्या बुडाशी जाऊन बसला. त्याच्या मागे एकेक करून पाचही जण बसले. सगळ्यात शेवटी नाथा.

"मुकादम, मी टोळीत येऊन दोन वर्सं झाली," नाथा खालच्या आवाजात म्हणाला. "मी कुठं खाल्ला गूळ?"

"टोळीनं खाल्ला."

"मपली बायको आठ दिसांत दवाखान्यात जाईल."

बहिरू म्हणाला, तुला जायचं तर जा, मी अडवत नाही. नाथा गेला नाही. एकट्याला कपाट उचलत नाही, हेही खरं होतं आणि सहा जणांत एकट्याने उठणं त्याहून जड होतं हेही खरं होतं.

मनोजने येवल्याच्या मजूर नाक्यावरून रिक्षाने चार माणसं मागवली. ती यायला तास गेला. त्यांतला बुधा नावाचा एक जण बहिरूला ओळखत होता. तुम्ही का बसलात, असं त्याने विचारलं. ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आणि ज्या रिक्षाने आले तिनेच चौघे परत गेले. तेव्हा मात्र वसाहतीत कुजबुज वाढली. कुणी टोळीसाठी चहा आणला. एक पोरगा मोबाइल धरून शूटिंग करायला लागला. पंचांपैकी एक जण सुद्धा, मुकादम, मानलं बुवा, असं हळूच म्हणून गेला.

बहिरूची पाठ दुखायची थांबली होती. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. जन्मभर दुसऱ्याचं ओझं उचललं, आज पहिल्यांदा न उचलण्याने लोक त्याच्याकडे बघत होते. हात मांडीवर ठेवून तो बसला होता आणि ते हात तिथे शोभत होते. आता दोन वाजेस्तोवर कळ काढली की योगेश कागद घेऊन येईल, आणि जीप आली तशी जाईल. सामान बाहेर निघाल्याशिवाय घराला कुलूप लागत नाही, असं त्याने ठाम धरलं होतं. भरल्या खळ्याला का कधी कुणी भलताच येऊन टाळं लावतो? माल निघतो, झाडलोट होते, मग दार लागतं. त्याने आयुष्यभर हेच बघितलं होतं.

एकच्या सुमाराला मंजुषा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने सगळ्यांना पाणी दिलं. बहिरूच्या ओंजळीत ओतताना ती थांबली.

"दादा, त्या पोलीसबाई म्हणत्यात, आज काय बी झालं तरी सील होणारच. तर माग तेवढा..."

"वयनी, मागाला हात लावायची कुणाची टाप नाय. आमी हाय ना बसलेलो."

"तसं नाय. तुमीच जर..."

"योगेशभाऊला येऊ द्या. धन्याचा शब्द आल्याबिगर काडी हलायची नाय. रीत हाय आमची."

"त्यांचा फोन लागंना, दादा."

"लागंल. तुमी काळजी नका करू."

ती तिथेच उभी राहिली. तांब्यातलं उरलेलं पाणी तिने लिंबाच्या मुळाशी ओतलं आणि आत गेली. तिला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं नव्हतं, हे बहिरूला दिसलं होतं. पण बाईमाणूस घाबरलं आहे, एवढाच अर्थ त्याने घेतला.

दोन वाजले, तीन वाजले. उन्हाने पत्रे तडतडायला लागले. अधिकारी दोनदा जीपमध्ये जाऊन फोनवर बोलून आले. मग ते पंचांना घेऊन घरात गेले आणि अर्ध्या तासाने कागद घेऊन बाहेर आले. वयस्कर गृहस्थ होते, कपाळावर गंध, डोळ्यांखाली काळं. ते सरळ बहिरूकडे आले.

"मुकादम तुम्हीच ना? हे बघा, सामान काढलंच पाहिजे असं काही नसतं. यादी केली, पंचांच्या सह्या घेतल्या, की सामानासकट सील होतं. मी सकाळपासून थांबलो ते या बायकांना सामान मिळावं म्हणून."

बहिरू उठून उभा राहिला.

"सामानासकट म्हंजी?"

"सामानासकट. बंदोबस्त पाचपर्यंतच आहे. अर्धा तास देतो. तेवढ्यात हातानं नेता येईल ते न्या."

"आन् माग?"

अधिकाऱ्यांनी मंजुषाकडे बघून विचारलं, सोडवायला किती वेळ लागेल. ती म्हणाली, तीन तास. ताणा गुंडाळायलाच दोन. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं, पण त्याने काही मिनिटं वाढणार नव्हती. मनोज जीपला टेकून उभा होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "दहा वाजता सुरू केलं असतं तर जेवायच्या सुट्टीत माग टेम्पोत असता."

मग टोळी उठली. ज्या घरातली काडी हलवायची नाही म्हणून सहा तास बसली होती, त्या घरात ती धावत शिरली. देव्हारा, गव्हाची कोठी, गाद्या, गॅस, पोरांची दप्तरं, जे हाताला लागेल ते बाहेर. बहिरूने मागाच्या चौकटीला एकदा हात घातला, हलवून बघितली, आणि दोरे थरथरले तसा हात काढून घेतला. ओढून काढला तर पैठणीची लक्तरं होणार होती. धन्याने सांगितलं का, हे त्या अर्ध्या तासात कुणी कुणाला विचारलं नाही.

भागुबाई मात्र उठेना. खड्ड्यात पाय सोडून, दोन्ही हातांनी पुढचा रूळ धरून ती बसली होती. महिला पोलिसांनी आजी म्हणून बघितलं, मावशी म्हणून बघितलं. त्या काही राक्षसिणी नव्हत्या. एकीला तर रडू यायला लागलं होतं. भागुबाईने कुणाकडे बघितलं नाही. पाचला दहा कमी असताना तिने मान वर केली आणि दारातल्या बहिरूला म्हणाली,

"बहिरू, माझे पाय वळलेत बाबा. मला तू काढ."

तो आत गेला. त्याने तिच्या बगलेत हात घातले आणि तिला उचललं. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस. म्हातारीचं वजन त्याला लागलंसुद्धा नाही. तेच त्याला फार लागलं. तिच्या बोटांत रेशमाचा एक जांभळा दोरा अडकला होता. तो ताणला गेला, लांबला आणि उंबऱ्यापाशी तुटला. तिला ओट्यावर ठेवून तो मागे वळला तोवर दार लागलं होतं, आणि मनोज कुलपावर लाख ओतत होता.

योगेश सातला आला. कागद होता, पण त्यावर पुढच्या गुरुवारच्या सुनावणीची तारीख होती. गुरुवारी त्यात काही निघालं नाही.

त्या रात्री लंकाबाईने सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता तिने एकच विचारलं, "मंजुषा बोलली व्हती ना, माग काढा म्हणून?"

"बोलत व्हती. पर धनी नव्हता घरी."

"गूळ कुणी दिला व्हता तुमाला? धन्यानं?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. पुढे ती त्यावर कधी बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं असं त्याला पुष्कळदा वाटलं.

पाचव्या दिवशी लिलाव सुरू झाले. तुंबलेला कांदा एकदम आला. ट्रॅक्टरची रांग नाक्यापर्यंत गेली. टोळीला मान वर करायला फुरसत नव्हती. नाथाला मुलगी झाली, दवाखान्याची सोय सगळ्या टोळीने मिळून केली. पोराने केलेलं शूटिंग तोवर गावोगाव फिरलं होतं. खळ्यावर येणारे शेतकरी बहिरूला बघून थांबायचे. हॉटेलवाला चहाचे पैसे घेईना. एका पुढाऱ्याच्या माणसाने सत्कार ठेवायचं काढलं. बहिरूने त्याला, पाठ धरली आहे, उभं राहता येत नाही, असं सांगून वाटेला लावलं आणि त्या दिवसापासून चहा घरूनच पिऊन जायला लागला.

योगेश कुटुंबाला घेऊन येवल्यात एका खोलीत राहायला गेला होता. सामान परत मिळावं म्हणून त्याने अर्ज दिला. बहिरू त्याच्याबरोबर तीन वेळा एसटीने नाशिकला गेला. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या त्या ऑफिसात गार हवा होती आणि खुर्च्या मऊ होत्या. तिथली मुलगी नम्रपणे बोलायची. वरच्या ऑफिसला कळवलंय, म्हणायची, उत्तर आलं की फोन करू. तिसऱ्या वेळी बहिरूने तिला सांगितलं की चूक हमालांची आहे, घरवाल्यांची नाही, तसं कुठे लिहून घ्या. तिने इकडेतिकडे बघितलं. तसा कागद त्यांच्याकडे नव्हता.

दर शनिवारी बाजार सुटला की बहिरू सायकल काढून वसाहतीत जायचा. घराच्या भिंतीवर कंपनीचं नाव तांबड्या रंगात लिहिलं होतं. मागच्या खिडकीच्या जाळीला डोळा लावला की माग दिसायचा. पहिल्या शनिवारी ताणा ताठ होता, त्यावर धुळीचा पातळ थर. दुसऱ्या शनिवारीही तसाच. तिसऱ्या शनिवारी मधोमध काही दोरे खाली लोंबत होते. चौथ्या शनिवारी खड्ड्यातून उंदीर वर आला, रुळावर बसला, आणि बहिरूने जाळीवर हात आपटला तरी हलला नाही. त्याने घरी जाऊन हे कुणाला सांगितलं नाही. योगेशला तर नाहीच.

लग्नाची तारीख उलटून गेली. व्यापाऱ्याने रेशमाचं आणि जरीचं योगेशच्या नावावर लावलं आणि दुसरा ताणा द्यायला नकार दिला. त्याचंही चुकलं असं कुणाला म्हणता येईना. योगेश सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला; तिथेच चौघांत राहायचा, रविवारी घरी यायचा. त्याची बोटं मोराचा डोळा भरायची. आता ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मंजुषा दुसऱ्यांच्या मागावर काड्या भरायला जायची. भागुबाई खोलीच्या दारात बसून राहायची, पाय खाली सोडून, जिथे खड्डा नव्हता तिथे.

सत्तेचाळिसाव्या दिवशी फोन आला. सामान घेऊन जा, रविवारी, अकरा ते एक.

टोळी सकाळीच गेली. कुणी मजुरीचं बोललं नाही. नाथाने टेम्पोवाल्याला स्वतःच गाठून आणलं होतं. मनोजने कुलूप काढलं, सील काढून खिशात ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. सगळे उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. योगेश म्हणाला, "काढा." पण बहिरूचा पाय उचलला नाही. तो मागे वळला. मंजुषा अंगणात डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"वयनी, काढू का?"

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला मान खाली घालून सोसता आला असता.

"काढा आता," ती म्हणाली.

आत कोंदट वास होता. ताण्याचा मधला भाग कुरतडून गेला होता, दोऱ्यांचे झुबके खड्ड्यात पडले होते, आणि त्यातच उंदरांनी घर केलं होतं. विणलेल्या कापडाला घड्यांवर भोकं होती. पदरावरचे मोर तेवढे शाबूत होते, रुळाच्या अगदी आत गुंडाळलेले. योगेशने वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि मग कुणाला काही न म्हणता हत्यारांच्या पाटीतलं पातं घेतलं. ताणा कापताना आवाज फारसा होत नाही. भाजी चिरल्यासारखा बारीक आवाज आला आणि माग सैल पडला. आता पावलं जुळवायची गरज नव्हती. चौकट खिळखिळी करून तुकडे तुकडे बाहेर काढता येत होते, कुणीही काढले असते. अर्ध्या तासात काम झालं. सावळीराम सवयीने बाजूला चालत होता, पण त्याने पाऊल दिलं नाही.

टेम्पो भरल्यावर प्रश्न पडला की माग उतरवायचा कुठे. येवल्याच्या खोलीत तो मावत नव्हता; खोली माणसांनाच पुरत नव्हती. वखारवाला जळणाच्या भावाने घेईल, असं मनोज सहज म्हणाला, त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. तेव्हा बहिरू म्हणाला, माझ्या पडवीत ठेवू, जागा झाली की घेऊन जा.

पडवी दहा फुटांची. तिथे बहिरू आणि लंकाबाई झोपायची. टोळीने मागाची लाकडं एकेक करून आत घेतली, भिंतीला लावली, रूळ वर आढ्याला बांधले. उरलेल्या जागेत एक माणूस पाय दुमडून कसाबसा निजला असता. योगेशने पदराचं कापड कापून वेगळं केलं होतं. ते त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून मंजुषाच्या हातात दिलं आणि तो सातपूरची गाडी पकडायला निघाला.

लंकाबाई आतून बाहेर आली. तिच्या हातात ताटली होती, ताटलीत गूळ-खोबऱ्याचे सहा वाटे. माल आत आला की गूळ द्यायचा, एवढं तिला बापाच्या घरापासून माहीत होतं. ती सवयीनेच घेऊन आली होती. उंबऱ्यात उभी राहून तिने ताटली पुढे केली.

सावळीरामने टॉवेल झटकला. नाथा चप्पल शोधायला लागला. मंजुषा अंगणात कागदाचं पुडकं छातीशी धरून उभी होती, तिच्याकडे बघायचं नाही म्हणून सगळे खाली बघत होते. कुणाचाच हात पुढे आला नाही. लंकाबाई तशीच थांबली होती. बहिरूने तिच्याकडे बघितलं, आणि ताटली तिच्या हातातून घेऊन आत चुलीशेजारी ठेवली.

"या मालाचा गूळ नसतो," तो म्हणाला.